घासून गेलेले तीन आकडे

मी बन्सीलालनानांच्या घरचं एटीएम कार्ड बोलतंय. मुक्काम ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. पोस्टमनने मला आणलं, तेव्हा नानांच्या पत्नीने, जमनाबाईंनी, आधी मला कुंकू लावलं आणि मगच नानांच्या हाती दिलं.

आयुष्य तसं सुखाचं. महिन्यातून एकदा शहाद्याच्या मशीनमध्ये जायचं आणि परत येऊन डब्यात पडायचं. जग शहाद्यापर्यंतच असतं, अशी माझी ठाम समजूत होती!

लक्ष्मीपूजनाला मलाही पाटावर मान असतो. गेल्या दिवाळीत जमनाबाईंनी पितळेच्या भांड्यांबरोबर मलाही चिंच-राखेने घासलं. पूजेला मळकं कसं ठेवायचं? मी चकचकीत झालं, पण पाठीवरचे तीन बारीक आकडे पार पुसले गेले. मशीनला ते लागत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते चेतनाच्या व्हिसाच्या अर्जाच्या दिवशी. नानांची ही एकुलती एक मुलगी नर्स आहे. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं होतं. अर्ज फीसकट त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत गेला नाही, तर नोकरी दुसऱ्या कोणाला मिळणार होती. मी परदेशात चालावं म्हणून नाना आधीच बँकेत जाऊन आले होते. घरात दुसरं कार्ड नव्हतं.

चेतनाने लॅपटॉपवर माझा नंबर भरला. पाठीवरचे आकडे मागितले, तर पाठ कोरी! नानांनी अंदाजाने तीन आकडे सांगितले. फी गेली नाही. पुन्हा अंदाज केला, तोही चुकला. तिसऱ्यांदा चुकलं की मी दिवसभर बंद पडणार होतं. साडेचार वाजले होते. चेतनाचं तोंड उतरलं होतं आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

जमनाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण घासताना माझी पाठ त्यांनी नीट पाहिली होती. त्या हळूच म्हणाल्या, "पहिला ईळासारखा, मंग बांगडी, मंग खुर्ची."

चेतनाने विळ्याचा सात, बांगडीचं शून्य आणि खुर्चीचा चार असे आकडे दाबले. नानांच्या फोनवर बँकेचा निरोप आला, त्यातला आकडा त्यांनी एकेक करून वाचला. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मी सातासमुद्रापार जाऊन फी भरून आलंसुद्धा! खोलीतून न हलता! अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

पण त्याहून मोठं नवल पुढे होतं. चेतनाने विचारलं, "माय, तुले माहीत व्हतं, तं पहिलेच काबरं सांगं नही?"

जमनाबाई पदराला हात पुसत राहिल्या. म्हणाल्या, "तू दूर चालनी जाशी, म्हनीसन. पन तुन्हं तोंड देखीसन ऱ्हावायनं नही."

चेतना गेली त्याला सहा महिने झाले. माझी मुदत येत्या मार्चमध्ये संपते, मग बँकेचा माणूस मला कात्रीने कापेल. तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणाची फी अडली आणि सगळे पडद्याकडे बघत बसले, तर दाराशी गप्प उभ्या असलेल्या बाईलाही एकदा विचारा. आणि तिने सांगितलं, तर आधी तिच्याजवळ घटकाभर बसा. पैसे मी भरले खरे, पण त्या दिवशीची फी भरली ती जमनाबाईंनी.