उतरत गेलेली कंबर

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. मित्रांनो, पट्ट्याला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण जी वस्तू रोज एखाद्याच्या पोटाला बिलगून राहते, तिला त्या माणसाचं बरंच काही कळत असतं.

म्हशीच्या जाड कातड्यातून एका कारागिराने मला कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, पितळी बक्कल लावलं. मग मी कल्याणच्या बाजारात एका दुकानात लटकलो. तिथून रंभाने मला घेतलं. तिचा नवरा जगन मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात तेव्हा नुकताच कायम झाला होता. "अहो, आता शर्ट खोचून जात जा," असं म्हणून तिने मला त्याच्या हातात दिलं.

तेव्हा तो सडसडीत होता. पुढे बढती मिळाली, उभ्याचं काम जाऊन खुर्चीचं काम आलं. कॅन्टीनमधला चहा आणि खारी, पाळी सुटल्यावर वडापाव, रविवारी मटण. जगनला खाण्याचा आणि खिलवण्याचा फार शौक. त्याचं पोट वाढत गेलं आणि मी अपुरा पडू लागलो. स्टेशनबाहेर चपला शिवायला बसणारे भाऊ आरीने माझ्या टोकाकडे नवीन भोक पाडून द्यायचे. मला दुखायचं, पण जगनच्या भरल्या पोटाची ऊब मला आवडायची.

कारखान्याच्या तपासणीत त्याला प्रेशर आणि शुगर निघाली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. जगन हसला. "खात्यापित्या घरचा माणूस आहे मी, डॉक्टर."

रंभा मात्र हसली नाही. तिने घरातली साखर कमी केली, भात कमी केला, त्याला फिरायला पाठवू लागली. तो बागेपर्यंत जायचा आणि भजी खाऊन यायचा. वर्षानुवर्षं ती त्याच्या मागे लागली आणि वर्षानुवर्षं हरली.

मग तो निवृत्त झाला. दोन-तीन वर्षांनी एक नवल घडलं. त्याचं वजन आपोआप उतरू लागलं. भाऊ आता माझ्या बक्कलच्या बाजूला भोकं पाडू लागले. "काका, भारी मेंटेन केलंय," ते म्हणाले. इमारतीतल्या बायका रंभाला विचारायच्या, "काय जादू केलीत हो?" रंभाचा चेहरा फुलून यायचा. कपाटातल्या त्याच्या ढगळ पँटी तिने हौसेने आल्टर करून घेतल्या.

जगन ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायचा. कधी ताट समोर असताना म्हणायचा, "आत्ताच तर जेवलो ना मी." रंभाला वाटायचं, उशिरा का होईना, याला अक्कल आली.

एका दुपारी रंभा बाजारात गेली असताना जगन घराबाहेर पडला आणि चालत जुन्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्याने मला पँटमध्ये ओवलंच नव्हतं. शर्टावरून, छातीखाली मला बांधलं होतं आणि घसरणारी पँट एका हाताने धरली होती.

"काका, कोणाकडे जायचंय?" वॉचमनने विचारलं.

"पंचिंग करायचंय. उशीर झालाय."

वॉचमनने जगनच्याच फोनवरून जगनच्या मुलीला, रचनाला बोलावलं. ती स्कूटरवरून आली. तिने भर रस्त्यात मला सोडलं आणि लहान मुलाला घालावं तसं त्याच्या पँटीतून ओवलं. नव्या भोकातही मी सैल पडलो. तिचा हात त्याच्या कमरेवर थांबला.

"पप्पा, एवढे कधी बारीक झालात तुम्ही?"

तो फाटकाकडेच बघत होता. "सुपरवायझरला सांगून येतो, थांब."

"मी सांगितलंय त्यांना," रचना म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

पुढे डॉक्टरांकडे गेलो तेव्हाही मी त्याच्या कमरेला होतो. डॉक्टर म्हणाले की हा स्मृतिभ्रंश आहे. मध्यम वयात वाढलेलं वजन आणि त्याच्यासोबत येणारं प्रेशर, शुगर यांनी याचा धोका वाढतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण उतारवयात काही न करता वजन उतरू लागलं, तर कधीकधी ती या आजाराची आधीची खूण असते. विसरणं दिसायच्याही आधीची.

रंभाने जगनच्या कमरेवर मला चाचपून बघितलं. मग म्हणाली, "मला वाटलं, मी जिंकले. म्हणजे मी त्यांना उपाशी ठेवलं का?"

"नाही, ताई. तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. हे वजन तुम्ही नाही उतरवलं, आजाराने उतरवलं."

त्या उत्तराने तिचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

आता जगनला बक्कल लावता येत नाही. तो नाडीचे पायजमे घालतो आणि मी दारामागे लटकलेला असतो. मित्रांनो, माझं सोडा. मला तेल लावू नका, पुसू नका. पण घरातल्या माणसाचं पोट सुटत असेल तर त्याला वेळीच हाताला धरून चालायला न्या. आणि म्हातारं माणूस आपोआप बारीक होत असेल तर नुसतं कौतुक करू नका. त्याचं ताट बघा. त्याला डॉक्टरकडे न्या.

दुपारी रंभा वरणभातावर तुपाची धार सोडते आणि जगनला एकेक घास भरवते. त्याच्या अंगाला थोडं लागावं म्हणून तिची सगळी धडपड चालते. काल दोन घास खाऊन त्याने तिचा हात थांबवला. तिच्याकडे निरखून बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?"

रंभाने घास ताटात ठेवला, पदराने त्याचे ओठ पुसले. "जेवते," ती म्हणाली, "तुमचं झालं की."