तुर्रम भियाची मान

"ओ मम्मीजी, सुनो तो! या नागसेनच्या बोटांत सकाळपासून मुंग्या फिरताहेत. माझी गर्दन लटकतेय ना!" तुर्रम भिया म्हणाला आणि त्यानं मान खाली सोडली. माझी लेक ईशा खिदळली. मीही हसले. "हळदीचं दूध पाजा त्यांना," म्हणत कुकर बघायला आत गेले.

ईशाला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारी मी. पण उंटाचं बोलणं कोण मनावर घेतं?

तुर्रम भिया म्हणजे समोरच्या नागसेनकाकांचा उजवा हात. कोपरापासून मनगटापर्यंत उंटाची मान, पुढे जबडा. काकांचे वडील महूला फौजेत होते. हा उंट निघाला त्यांच्या खाकी लोकरी मोज्यातून. काका तेव्हा इंदूरच्या एका केबल चॅनलच्या स्टुडिओत दिव्यांचं काम बघायचे. एका रविवारी मुलांच्या कार्यक्रमाचा पाहुणा आलाच नाही. काकांनी थंडीसाठी घातलेला मोजा पायातून काढला, त्याला दोन बटणं टाचली, टेबलाखाली बसले आणि हात वर केला.

पुढे कितीतरी वर्षं सारं शहर त्या हाताला ओळखत होतं. पोह्यांचा कागद रस्त्यावर टाकणाऱ्याला तो विचारायचा, "क्यों भिया, ससुराल समझ रखा है क्या?" लहानपणी रविवारी मी आंघोळ टाळून टीव्हीसमोर बसायचे. टेबलाखाली एखादा माणूस असेल, हे कधी मनातही आलं नाही. लग्नानंतर इंदुरातच तुकोगंजात राहायला आले, समोरच्या दारातून तोच आवाज ऐकला, आणि किल्ली कुलपात तशीच राहिली.

काकांचा एक नेम होता. स्वतःच्या तोंडानं तक्रार करायची नाही. कसे आहात विचारलं की, "मजेत." कुरकुर सगळी उंटाची. गिरिजाकाकू गेल्या तेव्हा काका जेवत नाहीत, हेही आम्हाला त्यानंच सांगितलं होतं.

मुंग्यांची कुरकुर केली त्याच संध्याकाळी काका जिन्यात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात डॉक्टर नाव विचारायचे, काका ओठ जुळवायचे, निघायचं एकच, "मजेत." मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताट परत जायला लागलं.

माझा नवरा नीरज म्हणाला, "अगं, तो मोजा घेऊन जा की."

"आणखी रडवू त्यांना?"

"ले तो जा, यार."

मी मोजा त्यांच्या डाव्या हातावर चढवला. बटणं भलतीकडेच गेली. जबडा उघडला, मिटला. आवाज नाही. ईशा पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून बघत होती.

"तुर्रम भिया, तुझं तोंड वाकडं का झालं?"

मान हळूहळू तिच्याकडे वळली.

"आज... राँग साइडनं आलो ना, भिया."

तोच आवाज. चिरका, खोडकर, रविवारचा. बीपी घ्यायला आलेली नर्स पट्टा हातात धरून उभीच राहिली. नंतर डॉक्टरांनी समजावलं, गाणी, सवयीचे बोल कधीकधी मेंदूत शाबूत राहतात. असेल. मी मात्र ओढणी सावरून उठून उभी राहिले होते, घरात कुणी मोठं माणूस आल्यावर राहावं तशी.

"याला म्हणावं," उंट म्हणाला, "खिचडीत नमक कम है, तरी खा."

काकांनी तोंड उघडलं.

आता ते घरी आहेत. त्यांचा स्वतःचा शब्द अजून तो एकच. बाकी सगळं उंट बोलतो. पुढच्या महिन्यात नीरजच्या बदलीमुळे आम्ही पुण्याला चाललोय आणि मागे त्यांच्याकडे कोण बघणार, मला रात्रंदिवस हीच धास्ती आहे. तुमचं तुकोगंजात येणं-जाणं असेल, तर जरा बघून या त्यांना. दुसरा मजला, हिरवं दार. बेल एकदाच वाजवा आणि थांबा. दातांनी ओढून मोजा डाव्या हातावर चढवायला त्यांना वेळ लागतो.