वरच्या आळीची बेरीज

जयमालाने डिलीटचं बटण दाबून धरलं आणि मशीन सुरू केलं. पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. तारीख भलत्याच सालातली, आणि हार्ड डिस्कच्या पुढे लिहिलेलं, की डिस्क नाहीच.

"नाही कशी? परवापर्यंत तर होती की!" ती पडद्यालाच म्हणाली.

तिने त्या ओळीवर जाऊन समोर आला तो पहिला प्रकार निवडला, बदल ठेवायचे का या प्रश्नाला होय म्हटलं. मशीन पुन्हा सुरू झालं, एकदा टुक् वाजलं आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. डिस्क सापडत नाही, हा आधी येत होता तो संदेशही आता येईना. आगीतून फुफाट्यात!

दारात तिचा नवरा सुनील डबा हातात घेऊन उभा होता. साखर कारखान्यात तो फिटर. खंडेनवमीला प्रत्येक यंत्र खोलायचं, पुसायचं आणि मगच पूजेला मांडायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. यंदा घरात बायकोचं मशीन होतं, मग त्याला कसं वगळणार? पठ्ठ्याने झाकण काढलं, कुंचल्याने धूळ झाडली. आत एक चपटा गोल सेल दिसला, तोही काढून फडक्याने लख्ख पुसला आणि पाटावर पान्ह्या-पकडींच्या शेजारी मांडून त्याला हळदीकुंकू लावलं. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नसतं. म्हणून आपट्याची पानं वाटून झाल्यावरच त्याने सेल जागेवर बसवला.

"मी चांगलंच करायला गेल्तो गं," तो म्हणाला.

"हो, नवरदेवासारखा सजवलात की त्याला. जा आता, गाडी चुकेल." ती हसली, पण तो वळल्यावर तिचा चेहरा उतरला.

कारण त्या मशीनमध्ये आप्पासाहेब गुरुजींचं गाव होतं.

गुरुजींचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली, गुरुजी शेवगावात येऊन राहिले. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळेही गेले. पण गाव काही त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. गेल्या पाडव्यापासून ते रोज सकाळी काठी टेकत जयमालाच्या ओसरीवर यायचे आणि एकेक घर सांगायचे. कुणाचं, दार कुठल्या अंगाला, अंगणात काय, घरात कोण कोण. घर झालं की ती ते मशीनमध्ये जतन करायची, डिस्कची खरखर व्हायची, मग ती वाचून दाखवायची आणि गुरुजी म्हणायचे, "पुढचं घर घे." आळी संपली की घरांची बेरीज सांगायचे. जयमाला पडद्यावर मोजून बघायची. एकदाही माणूस चुकला नव्हता.

आणि हट्टी तरी किती! श्रीमंत नावाचा एक गाववाला मुद्दाम येऊन म्हणाला होता, गुरुजी, आमच्या आजोबांच्या घराला तेवढी एक माडी लिहा. गुरुजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. जे नव्हतं ते माझ्या गावात घालायचं नाही, म्हणाले. आभाराच्या पानावर मात्र त्यांनी जयमालाचं नाव दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तिने ते गाळलं होतं.

"टाइप करणारणीचे कुठं आभार मानतात, गुरुजी?" ती म्हणाली होती. खरं म्हणजे आभार तिनेच मानायचे. बाईमाणूस मशीन मांडून बसलंय म्हणून लोक नुसते बघून जात होते, तेव्हा पहिलं काम घेऊन गुरुजीच आले होते. त्यांच्या मागोमाग लग्नपत्रिका आल्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका आल्या. हे ती विसरणं शक्य नव्हतं.

एवढं काम, आणि त्याची दुसरी प्रत नाही. फ्लॉपी होती, ती उन्हाळ्यातल्या फुफाट्याने खाल्ली. छपाईसाठी पानं काढायची ती नगरला, सगळं पुरं झाल्यावर.

ती चप्पल सरकवून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. नगरच्या गोरक्षने मशीन विकलं होतं, तोच दुरुस्तीला यायचा. फोन त्याच्या बायकोने घेतला.

"ते राहुरीला गेल्यात वहिनी. उद्या पहिल्या गाडीनं लावून देते. तोवर मशीनला हात लावू नका."

परत आली तर गुरुजी ओसरीवर बसलेले. काठी भिंतीला टेकवून, खुर्चीच्या जागेकडे तोंड करून.

सांगावं का? सहा महिने बोलून बोलून या माणसाने गाव उभं केलं, ते गेलं असेल म्हणून सांगायचं? तिच्याने ते झालं नाही. ती खुर्चीत जाऊन बसली. पांढरी रेघ लुकलुकत होती, पंखा घरघरत होता.

"घे. वरची आळी. रंभाजी सुताराचं घर."

गुरुजी सांगत गेले, ती नुसतीच बटणं बडवत गेली. सुताराच्या अंगणातली बाभळीची ओंडकी, त्याची बहिरी आई, रंध्याच्या भुशात झोपणारी मांजर. सगळं पडद्यापर्यंत येऊन कुठेच जात नव्हतं. घर संपलं. तिने सवयीने जतन करायचं बटणही दाबलं.

गुरुजी थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले. "वाचून दाखव" मात्र म्हणाले नाहीत. देवच पावला, असं तिला वाटलं.

"पुढचं घर घे," ते म्हणाले. "वरच्या आळीतलं शेवटचं. पाराकडून आलं की उजव्या हाताला. दार उगवतीला."

"हं."

"ओसरी ऐसपैस. घरात एक बाई. दिवसभर तिची टकटक चालू. दार लोटलेलं कुणी बघितलं न्हाई. कुणाला दिसत नसलं, कुणाला लिहिता येत नसलं, तर त्यानं त्या ओसरीवर जाऊन बसावं. बाई ऐकून घेते. म्हाताऱ्यानं तेच घर दोनदा सांगितलं तरी, हे झालंय गुरुजी, असं म्हणत न्हाई. आधी पाणी देते, मग हळूच पुढचं विचारते."

जयमालाची बोटं थांबली. मग तिने ती पुन्हा चालवली. आवाज बंद पडला तर गुरुजींना कळेल, एवढं एकच डोक्यात होतं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"नवरा फिटर. भोळा हाय, पण बायकोच्या कामाला हात जोडणारा. असं घर गावाला पाहिजे. बास. आज एवढंच."

ते काठी शोधत उठले. तिने ती हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. गुरुजींनी विचारलं नाही, आज कशाबद्दल.

दुसऱ्या दिवशी सुनीलने रजाच टाकली. गोरक्ष पहिल्याच गाडीने आला, झाकण न उघडताच त्याच निळ्या पडद्यावर गेला. त्याने एका ओळीवर बटण दाबलं. मशीनने स्वतःच शोधाशोध केली आणि डिस्कचं सगळं वर्णन पडद्यावर आलं.

"सेल काढला की मशीन इसरतं, आपल्या पोटात काय काय हाय ते," तो म्हणाला. "त्यात वहिनी, तुमी प्रकार भलताच निवडला. डिस्कला काय बी झालेलं न्हाई."

"म्हंजे हाय का समदं?" सुनीलने विचारलं.

उत्तर डिस्कनेच दिलं. खर्र, खर्र. पडद्यावर खिडक्या उघडल्या आणि जयमालाने गुरुजींची फाइल काढली. खालची आळी, कुंभारआळी, महारवाड्यातली ओवरी, वरच्या आळीची आठ घरं. सगळी जागच्या जागी. तिने दोन्ही हात जोडले ते नेमके कुणाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. सुनीलने गोरक्षच्या पानात पुरणपोळीवर तूप इतकं ओतलं, की तो बिचारा पुरे पुरे म्हणत ताटावर आडवा झाला.

गोरक्ष गेला, आणि सकाळची उन्हं ओसरीवरून उतरायच्या आत गुरुजी आले. त्यांनी टेकायच्या आधीच जयमाला बोलली.

"गुरुजी, काल मशीन बंद होतं. मी नुसतीच बटणं दाबत होते. चुकलं माझं."

"ठाऊक हाय," गुरुजी म्हणाले. "सुताराच्या घरानंतर खरखर झाली न्हाई."

"मग तरी तुम्ही पुढचं घर..."

"सुताराचं पुन्हा घे आता."

तिने घेतलं. मांजरीसकट घेतलं, जतन केलं. खरखर झाली. तिने वाचून दाखवलं. पुढच्या घरासाठी ती थांबली, पण गुरुजी काठीची मूठ चोळत बसले होते.

"संपली आळी. बेरीज घाल," ते म्हणाले. "वरच्या आळीत एकूण घरं दहा."

तिने पडद्यावर मोजलं. आधीची आठ, रंभाजी सुताराचं नववं. पुन्हा मोजलं.

"गुरुजी, नऊच..."

"दहा," गुरुजी म्हणाले. "माझी बेरीज कधी चुकलीय का?"

आतल्या दारात सुनील पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. जयमालाने त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"नाही गुरुजी," ती म्हणाली आणि तिने दहा लिहिलं.

डिस्कची खरखर थांबेपर्यंत गुरुजी कान देऊन बसले. मग म्हणाले, "आता तेल्याच्या आळीतलं पहिलं घर घे."