निळा पंप

गुंटूरच्या मिरची यार्डात माझा नवरा सांबय्या आणि माझा धाकटा भाऊ अंकय्या एकाच टोळीत हमाली करायचे. त्या दुपारी पोती उचलायच्या पाळीवरून दोघांची जुंपली.

"दमेकऱ्या, तुझ्या वाटची पोती मीच उचलतो," सांबय्या म्हणाला.

अंकय्याने हातातला पोती ओढायचा आकडा त्याच्या खांद्यात खुपसला. सांबय्याने त्याला उचलून पोत्यांच्या थप्पीवर आपटलं. पोतं फुटलं आणि मिरचीचा लाल धुरळा दोघांवर कोसळला.

अंकय्याची छाती घरघरू लागली. त्याने खिशातून दम्याचा जांभळा पंप काढला, दोनदा ओढला, पुन्हा तोंडाला लावला. त्याचे ओठ निळे पडत चालले. मी तिथेच मिरच्या निवडत होते, ते टाकून धावले. पंप चालतोय का बघायला हात घातला, पण तो त्याच्या मुठीतून सुटेना.

सांबय्याचा सदरा रक्ताने भिजला होता. त्याने अंकय्याच्या थोबाडीत मारून पंप हिसकावला.

"हा फक्त सकाळ-संध्याकाळचा, गाढवा. धाप लागली की निळा. डॉक्टरने माझ्यासमोर बजावलं होतं. कुठाय निळा?"

तो अंकय्याच्या जेवणाच्या पिशवीत होता. मी आणून दिला. सांबय्याने त्याला धुरळ्यातून बाहेर ओढलं, ताठ बसवलं आणि एकेक झुरका घेऊन श्वास रोखायला लावला. घरघर जरा उतरली, तशी मी दोघांना एकाच रिक्षात घातलं.

"दाजी, मी..." अंकय्या पुटपुटला.

"बोलू नकोस. श्वास घे."

दवाखान्यात अंकय्याला वाफ दिली, सांबय्याला नऊ टाके पडले. पोलिसाने जखमेबद्दल विचारलं, तेव्हा सांबय्या म्हणाला, "पोतं उचलताना माझाच आकडा निसटला."