दरवेळी नवी जागा

सुचेताने पुन्हा 'मेक' ही आज्ञा टाइप केली, एन्टर दाबलं आणि पदराने मान पुसली. काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. शेजारच्या स्टुलावर तिच्या सासूबाई, राजलक्ष्मीबाई, शर्टाची काजं करत बसल्या होत्या. तीन दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, तिथेच. सून एकटी झटतेय, कुणीतरी सोबतीला हवं, असं त्यांनीच ठरवलं होतं. आणि चामराजपेटेतल्या त्या घरात त्यांनी ठरवलेलं मोडायची कुणाची छाती नव्हती.

उद्या दहाला हा जुना फोर-एट-सिक्स संगणक रिक्षात घालून जे. पी. नगरच्या कंपनीत न्यायचा होता. फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीचा गाभा स्वतः कंपाइल करून, म्हणजे मूळ फाइलींतून बांधून, चालवून दाखवला तर नोकरी. नाहीतर आहेतच गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या.

पाऊण तासाने ओळी थबकल्या. सिग्नल अकरा, म्हणजे काम मध्येच कोसळलं.

"पडलं बंद?"

"हो, अत्ते."

"कालच्याच जागी?"

"नाही. काल दुसरी फाइल होती. परवा तिसरीच."

राजलक्ष्मीबाईंनी दाताने दोरा तोडला. शाळा दुसरीत सुटली, पण चाळीस वर्षं शिलाईचं मशीन चालवून त्यांनी घर उभं केलं होतं.

"मग ते लिहिलेलं काय वाचत बसलीस? टाका एकाच जागी तुटत असेल तर कापडात खोट. दरवेळी नव्या जागी तुटला तर मशीनमध्ये. स्वल्प डोकं चालव की! काय नवं घातलंस गं त्यात?"

सुचेता कीबोर्डकडे बघत राहिली.

"विचारतेय मी."

"मेमरीची पट्टी."

सुई अर्ध्या काजात थांबली. सुचेता मोठ्या दुकानात निघाली होती, तेव्हा "आपला पिराजी असताना परक्याच्या दारात?" म्हणत त्यांनीच तिला उंबऱ्यावरून परत फिरवलं होतं. मग पिराजीच्या, म्हणजे भाच्याच्या, दुकानातून ती पट्टी स्वतः आणली होती, आणि गल्लीभर सांगितलंही होतं.

"तुला कधी कळलं?"

"काल."

"तिच्यावाचून चालतच नाही काय हे?"

"चालतं. जरा हळू. संध्याकाळपर्यंत होईल."

"मग काढली का नाहीस, बाई?"

सुचेताने पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्ही इथेच बसला होतात, अत्ते."

राजलक्ष्मीबाईंनी शर्टाची घडी घातली. ती नीट बसेना, तशी मोडून पुन्हा घातली.

"या खोलीत उजेडच नाही मेला. काजं वाकडी होतायत," त्या उठत म्हणाल्या. "मी शेजारच्या प्रेमाकडे जाऊन बसते. दिवे लागेपर्यंत यायची नाही."

चपला पायात सरकवून त्या दारात क्षणभर थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"स्क्रूड्रायव्हर जिन्याखालच्या डब्यात आहे."