लांडग्याचा वाटा

लांडगीण बिलोलीकडच्या माळावर थंडीत चालली होती आणि कोकरू देगलूरच्या अलीकडे उन्हाळ्यात गेलं होतं. लुंबिनीनं दोन्ही शॉट असे जोडले होते, की बघणाऱ्याला वाटावं, हिनं आत्ता हेरलं आणि आत्ताच झडप घातली. पावलांचा आवाज तर तिनं नांदेडच्या आपल्या स्टुडिओत माईकपुढे कडबा चुरगाळून काढला होता. एवढी थाप तिला चालायची. जनावर काही कॅमेऱ्यासाठी तेच पुन्हा करून दाखवत नाही, तेव्हा जंगलातले सिनेमे असेच जोडून शिवावे लागतात.

पण आज संगमेश्वरनं जे मागितलं, ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संगमेश्वर लातूरचा. सिनेमा त्याचा, कॅमेरा त्याचा आणि दिग्दर्शकही तोच.

"कोकरू उचललं की लगेच लक्ष्मम्माचं रडणं लाव," तो खुर्चीत रेलून म्हणाला.

लक्ष्मम्मा म्हणजे त्या कळपाची मालकीण, देगलूरकडची धनगर बाई. कोकरू गेलं तेव्हा ती रडली नव्हतीच मुळी! लांडगीण पळाली त्या दिशेला तिनं हात जोडले होते आणि हसून म्हणाली होती, "नेलं माय, तेचा वाटा तेनं नेला." तिच्या भाऊबंदांत रीतच तशी होती. कळपातलं एखादं लांडग्याचं असतं. त्यावर कुणी रडलं तर कळपाची बरकत जाते, आणि रडणाऱ्या बाईला पुन्हा मेंढरांना हात लावू देत नाहीत.

रडली होती ती दुसऱ्याच दिवशी. चहा पिता पिता संगमेश्वरनं लेकरं किती म्हणून विचारलं, आणि तापात गेलेल्या पारूचं नाव तोंडात येताच बाई पदरात तोंड खुपसून कोसळली. कॅमेरा चालू होता, आणि या गृहस्थानं तो चालूच ठेवला. गेल्या साली याचे वडील लिंगैक्य झाले, तेव्हा लुंबिनी लातूरला भेटायला गेली होती. कुणा पाहुण्यानं याच्या रडणाऱ्या आईसमोर मोबाईल धरला, तर यानं तो हिसकावून अंगणात भिरकावला होता!

"सर, ती लेकीसाठी रडून राहिली."

"रडणं ते रडणं. बघणाऱ्याला काय कळतंय?"

"तिच्या भाऊबंदांना कळेल ना! लांडग्याच्या वाट्यावर रडली म्हणतील. तिचा कळप जाईल सर."

"अगं, सिनेमाला खलनायक नको? तू एडिटिंग करून राहिलीस का पंचायत?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं लुंबिनी लहानपणापासून ऐकत आली होती. आज एक तिच्याच स्टुडिओत बसून चहा मागत होता. जनावराला तोंड नाही म्हणून त्याच्या माथी हवं ते मारायचं, आणि आता त्याच्या जोडीला ही बाईसुद्धा! लक्ष्मम्माला मात्र तोंड होतं.

लुंबिनीनं मुकाट्यानं रडण्याचा शॉट कोकरामागे लावला. संगमेश्वर खूश झाला. मग तिनं मोबाईल काढून लक्ष्मम्माला व्हिडिओ कॉल केला.

"हे काय करतेस?"

"तोंड तिचं आहे सर. तिला विचारू."

मोबाईलवर लक्ष्मम्मा दिसली. मागे मेंढरं ओरडत होती. "काय गं लेकी?" म्हणाली. लुंबिनीनं मोबाईल पडद्याकडे वळवला आणि तो तुकडा चालवला. लांडगीण आली, कोकरू गेलं, लक्ष्मम्मा रडली.

"हे तर मी माज्या पारूसाठी रडले व्हते," ती म्हणाली. "कोकरापायी न्हाई. लांडग्यानं माजी पारू न्हाई नेली, दादा."

"आक्का, सिनेमाला रडणं लागतं, म्हणून जरा…" संगमेश्वर चाचरला.

"लागतं तर तुमच्या मायचं लावा की! हाय का न्हाई घरात? ती बी कवातरी रडली असंल."

संगमेश्वरचं तोंड गोरंमोरं झालं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. लुंबिनीनं त्याच्याकडे न बघता रडण्याचा शॉट उचलून बाहेर टाकला. त्यानं तिचा हात धरला नाही, पण दारात थांबून एवढं मात्र सुनावलं, "पुढच्या सिनेमाला मी दुसरा एडिटर बघणार."

"बघा," ती म्हणाली. "या सिनेमात दुसऱ्याकडून ते रडणं लावलंत, तर आधी आक्काच्या गावी जाऊन मीच सांगेन, ते कुणासाठी होतं."

तो पायऱ्या उतरून गेला. फोन अजून चालूच होता. लुंबिनीनं हात जोडल्याचा शॉट कोकरामागे लावला आणि मोबाईल पुन्हा पडद्याकडे धरला.

"हाव," लक्ष्मम्मा म्हणाली. "आता मी दिसले."