सतराव्या खांबाचा अहवाल

मोठी कंटेनर जहाजं लागावीत म्हणून जुन्या धक्क्यावर नव्या उंच क्रेन बसवायचं ठरलं, तेव्हा धक्क्याखालचे खांब तपासायला पाणबुड्याला खाली सोडलं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. त्याने एकेक खांब हाताने चाचपला. सतराव्या खांबात त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. शेजारच्या दोन खांबांचं काँक्रीट ढेकळासारखं सुटून आलं. वर येऊन त्याने सगळं लिहून दिलं.

आठवड्याने मुख्य इंजिनिअरने टाइप केलेला अहवाल त्याच्यापुढे सहीसाठी सरकवला. ‘खांबांची स्थिती समाधानकारक.’

“साहेब, हे मी लिहिलेलं नाही.”

“अरे, भाषा जरा सुधारली. पुढच्या महिन्यात पहिलं जहाज येतंय. खांब बदलत बसलो तर वर्ष जाईल.”

“भगदाडाला समाधानकारक म्हणायचं, ही कुठली भाषा? चला, उतरा माझ्याबरोबर. घाला हात!”

साहेब हसले. “तू नाही केलीस तर दुसरा करेल सही.”

आणि केली कुणीतरी. क्रेन उभ्या राहिल्या.

पाणबुड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातल्याच एका क्रेनवर त्याची थोरली वहिनी बसणार होती. पंधरा वर्षं क्रेन चालवणारी बाई, उगाच घाबरणारी नव्हे. जेवणाच्या सुट्टीत त्याने आपल्या मूळ अहवालाची स्वतःकडे ठेवलेली हस्तलिखित प्रत तिच्या हातात दिली.

“भावजी, खरं हे?”

“वहिनी, या हातांनी चाचपलंय.”

तिने डबा बाजूला सारला आणि प्रत सगळ्या चालकांना मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवशी एकही जण शिडी चढला नाही. “आधी धक्क्यावर वजन ठेवून दाखवा,” त्यांनी साहेबांना सुनावलं.

धमक्या देऊन झाल्या. शेवटी साहेबांनी झक मारत धक्क्यावर काँक्रीटचे ठोकळे रचायला लावले. निम्मेही झाले नव्हते, तोच कडाड्कन आवाज झाला आणि सतराव्या खांबावरचा धक्का वीतभर खचला. क्रेनचा रूळ वाकला. वर माणूस नव्हता म्हणून निभावलं.

जहाज दुसऱ्या बंदरात गेलं. फलकावर पत्रक लागलं: ‘मुख्य इंजिनिअरांच्या दक्षतेमुळे दुर्घटना टळली.’ खाली दुसरं पत्रक: कार्यालयीन कागद बाहेर दाखवल्याबद्दल पाणबुड्याची गोदामात बदली.

वहिनीने पहिलं पत्रक उपटलं आणि सगळ्या चालकांना घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरली.

“वाचा, आमच्या तोंडावर वाचा.”

साहेब चष्मा शोधत राहिले. तो त्यांच्या नाकावरच होता.

बदली काही रद्द झाली नाही. पाणबुड्या गोदामात ताडपत्र्यांच्या घड्या घालतो. बाहेर नवे खांब ठोकले जातात, ते तपासायला त्याला कुणी बोलावत नाही.